शेवटचं नीट कधी चाललं होतं

मुकादमचाचा कुणाच्याही घरी दुरुस्तीला गेले की दारात बूट काढायचे, हात धुवायला पाणी मागायचे आणि मग घरच्यांना विचारायचे, "शेवटचं नीट कधी चाललं होतं?"

लोक गोंधळायचे. बिघाडाची गोष्ट प्रत्येकाकडे तयार असते. कधी बंद पडलं, कसा आवाज आला, आधीच्या माणसाने काय घोळ घातला. चाचा ते सगळं मान डोलवत ऐकून घ्यायचे आणि परत तोच प्रश्न विचारायचे. मग घरातलं कुणीतरी आठवू लागायचं. गेल्या मंगळवारी चालत होतं. पाहुणे आले होते तेव्हा चालत होतं. चाचा खिशातली छोटी वही काढून त्यात मंगळवार लिहायचे, पाहुणे लिहायचे. हे सगळं मराठीत आणि शाळेतल्या मास्तरासारख्या गोल अक्षरात.

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावात एक छोटी मेंटेनन्स कंपनी आहे. तिथे मी फोन घेते, तक्रारी लिहून ठेवते आणि कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवते. माझं माहेर कराडचं, नवरा दोहात सर्व्हेअर. मी कामाला लागले तेव्हा चाचा तिथले सगळ्यात जुने फिटर होते. नाव यासीन मुकादम, गाव म्हसळ्याच्या बाजूला. कतारमध्ये येऊन त्यांना सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली होती. घरचे सगळे गावी. उंच, किंचित वाकलेले, मेंदी लावलेली दाढी, आणि शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं जॉब कार्ड परत आणून टेबलावर ठेवलं. त्यावर मी लिहिलं होतं, 'वॉटर हीटर नॉट वर्किंग'.

"बाय, नॉट वर्किंग हा काय आजार हाय?" ते म्हणाले. "डॉक्टरला जाऊन कुणी सांगतो काय, मी नॉट वर्किंग?"

रागाने नव्हे, समजावून सांगावं तसं ते बोलले. मग त्यांनी मला चार प्रश्न लिहून दिले. फोन आला की काय काय विचारायचं, त्याचे. त्यातला पहिला अर्थातच तो. आमचे मॅनेजर जॉर्जसाहेब केरळचे. इतके प्रश्न विचारले तर गिऱ्हाईक फोन ठेवून देईल, अशी त्यांना भीती होती. झालं उलटंच. लोक बोलू लागले. विशेषतः बायका. यंत्राचं सांगता सांगता घरचं सांगू लागल्या. चाचांचं म्हणणं, त्यातलंच निम्मं कामाचं असतं.

आमच्या ऑफिसच्या शेजारी खबूजची, म्हणजे अरबी रोट्यांची, बेकरी होती. तिथलं कणीक मळायचं मशीन दिवसातून दोनदा बंद पडायचं. तीन जण येऊन गेले, वायर बदलली, स्विच बदलला. चाचा एका दुपारी तिथे स्टूल टाकून बसले. दीड तास नुसते बसले. बेकरीवाला अफगाणी माणूस, तो वैतागला. शेवटी चाचा उठले आणि भिंतीला टेकवलेलं पिठाचं पोतं त्यांनी दोन हात पलीकडे ठेवलं. पोतं भरलेलं असलं की वायरवर दाब यायचा. पोतं अर्धं झालं की मशीन चालायचं. त्या दिवसापासून बेकरीवाला आमच्या ऑफिसात रोज गरम रोट्या पाठवू लागला. चाचा त्या जॉर्जसाहेबांनाच आधी द्यायचे.

पण मला चाचा आठवतात ते एका हिवाळ्यातल्या स्टोव्हमुळे.

कतारमध्ये कसला हिवाळा, असं गावाकडचे लोक विचारतात. जानेवारीत सकाळी धुकं उतरतं, वारा सुटतो, आणि दगडी फरशीच्या मोठ्या घरांत म्हाताऱ्या माणसांची हाडं दुखतात. आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर एका कतारी कुटुंबाचं असं मोठं घर होतं. घरमालकांना सगळे अबू नासर म्हणायचे. पन्नाशीचे, शांत, सरकारी नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. त्यांची आई ऐंशीच्या पुढची. सगळं घर तिला यम्मा म्हणायचं, म्हणून आम्हीही यम्माच म्हणू लागलो.

यम्माला आयुष्यभर विस्तवाजवळ बसायची सवय होती. आधी लाकडं जाळायची, मग निखाऱ्यांची शेगडी आली. छातीच्या डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला तेव्हा अबू नासरांनी युरोपातून एक स्टोव्ह मागवला. खोली गरम ठेवणारा, काचेच्या दाराचा. त्यात लाकूड घालायचं नसतं. भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याएवढ्या कांड्या मिळतात, पेलेट म्हणतात त्यांना. त्या वरच्या टाकीत ओतायच्या. टाकीच्या तळाशी एका नळीत लोखंडी स्क्रू असतो. तो थोडा थोडा फिरतो आणि दर वेळी चार-चार कांड्या विस्तवात ढकलतो. धूर पाइपातून बाहेर जातो. आत नुसती ज्योत आणि ऊब.

स्टोव्ह सुंदर होता, पण दर तीन-चार दिवसांनी विझायचा. टाकी भरलेली, मोटर गुरगुरतेय, आणि कांडी काही खाली पडत नाही. स्टोव्ह विकणाऱ्यांच्या माणसाने दोनदा मोटर बदलली होती. मग त्याने फोन उचलणं बंद केलं आणि अबू नासरांचा फोन आमच्याकडे आला. त्यांनी एक अट घातली. आईच्या खोलीत काम करायचं तर सोबत कुणीतरी बाई हवी. म्हणून जॉर्जसाहेबांनी मला पाठवलं. नाहीतर मी कधी ऑफिसबाहेर पडले नसते आणि हे काही पाहिलंही नसतं.

त्या पहिल्या दिवसापर्यंत चाचांनी असला स्टोव्ह आयुष्यात कधी पाहिला नव्हता. त्यांनी ते अबू नासरांना सरळ सांगून टाकलं. मग म्हणाले, पण स्क्रू मी ओळखतो. आमच्या गावात भाताच्या गिरणीत होता. अबू नासर हसले, बसा म्हणाले.

यम्मा कोपऱ्यातल्या गादीवर बसली होती. काळा बुरखा, हातात तसबीहची माळ, डोळे अगदी लख्ख. तिच्या दिमतीला कुमारी नावाची श्रीलंकेची बाई होती, चाळिशीची. यम्माच्या घरी तिला अकरा वर्षं झाली होती. कांड्या टाकीत ओतणं, राख काढणं, सगळं तीच करायची. चाचांनी तिला विचारलं, नीट कधी चालतो? तिने बोटं मोजली. उन्हाच्या दिवशी चालतो, ती म्हणाली. धुकं पडलं की बंद.

चाचांनी कांड्यांची पोती दाखवायला सांगितली. पोती घराबाहेर पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत होती. चाचांनी एक कांडी चिमटीत धरून मोडली. कोरडी कांडी कट्कन मोडते, ही बिस्किटासारखी भुगा झाली. ओल धरलेली होती. असा भुगा स्क्रूच्या नळीत साठतो आणि दाबून दाबून त्याचा दगड होतो. चाचांनी नळीतला सगळा दगड खरवडून काढला, पोती घरात आणवली, चाळणीने कांड्या चाळून घ्यायला कुमारीला शिकवलं. स्टोव्ह लागला. यम्माने मान हलवली. आम्ही चहा पिऊन निघालो.

पाच दिवसांनी फोन आला. विझला.

जॉर्जसाहेब म्हणाले, त्यांना सांगा मशीनच खराब आहे, नवीन घ्या. चाचांनी नकार दिला. अबू नासरांच्या दारात उभं राहून त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते हे, की मागच्या वेळी माझं चुकलं, मी एक कारण सापडल्यावर थांबलो. त्यांच्या तोंडून 'चुकलो' इतक्या सहज यायचं, जसं आपण 'आलो' म्हणतो. जॉर्जसाहेबांना ते आवडायचं नाही. कंपनीची माणसं असं कबूल करत नाहीत, असं त्यांचं मत.

त्या दिवशी चाचांनी मोटरच्या दांड्यावर आणि स्क्रूच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. दोन्हीवर मिळून एकच. मग स्टोव्ह चालू करून समोर बसले. तासाभराने रेघ तुटली. दांड्यावरचा अर्धा भाग पुढे गेला होता, स्क्रूवरचा मागेच राहिला होता. म्हणजे मोटर फिरत होती, पण स्क्रूला धरून ठेवणारा बारका ग्रब स्क्रू गरम झाला की ढिला पडत होता. दोनदा मोटर बदलणाऱ्याने तो नीट आवळलाच नव्हता. चाचांनी तो नवा घातला आणि पक्का बसवला. रेघ पुन्हा ओढली. दोन तास ती तुटली नाही.

"आता?" मी गाडीत विचारलं.

"आता बघायचं," ते म्हणाले. "इन्शाल्ला म्हणायचं आणि फोनजवळ राहायचं."

नऊ दिवस गेले. दहाव्या सकाळी दाट धुकं होतं आणि अबू नासर स्वतःच ऑफिसात आले. स्टोव्ह पहाटे विझला होता. पण ते त्यासाठी आले नव्हते. आवाज हळू ठेवून ते म्हणाले, मला त्या बाईचा संशय आहे. कांड्या चाळत नसेल, पाणी सांडत असेल. तिला परत पाठवायचं मी ठरवलं आहे, पुढच्या आठवड्यात. त्याआधी तुम्ही एकदा येऊन सांगा की चूक वापरणाऱ्याची आहे.

चाचांनी हत्यारांची पेटी उचलून गाडीत ठेवली. अबू नासरांना बँकेत काम होतं, ते तिकडून गेले. आम्ही दोघं घरी पोहोचलो.

यम्माच्या खोलीचं दार उघडलं आणि मला आधी ऊब लागली, मग डोकं जड झालं. स्टोव्ह बंद होता. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि खोलीच्या मधोमध जुनी पितळी शेगडी, निखाऱ्यांनी भरलेली. यम्मा गादीवर डुलत होती. कुमारी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, हात कपाळावर, चेहरा राखाडी.

चाचांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. ते पेटी टाकून पळाले. दोन्ही खिडक्या उघडल्या, अंगातलं जाकीट काढून ते हातांभोवती गुंडाळलं आणि ती तापलेली शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. मी यम्माला धरून ओसरीत आणलं, मग कुमारीला. आम्ही थंड हवेत बसलो. मी डॉक्टरांना फोन केला. ते आले, दोघींना तपासलं, थोडा वेळ ऑक्सिजन लावला आणि वेळेवर आलात, एवढंच म्हणाले. उलटी झाल्यावर कुमारी सावरली. यम्मा तर सगळ्यांवर चिडली होती, शेगडी बाहेर का नेली म्हणून.

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज चढवला नाही, पण मी त्यांना इतक्या कडक स्वरात बोलताना त्याआधी आणि त्यानंतरही ऐकलं नाही. अरबी मला थोडंच कळतं. त्यांनी नंतर मला सांगितलं ते असं. कतारमधल्या पहिल्या वर्षी ते बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात राहत होते. तिथे एका थंडीत दोन खोल्या सोडून राहणाऱ्या तिघांनी दार लावून घेऊन कोळसे पेटवले. सकाळी चाचांनीच दार तोडलं. दोघे जगले.

"तिसरा माझ्याच तालुक्यातला," चाचा म्हणाले. "त्याच्या घरी पत्र मी लिवलं." एवढंच. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

यम्मा ओसरीत ऊन घेत बसली आणि चाचा कामाला लागले. ह्या वेळी त्यांनी स्क्रू पूर्ण बाहेर काढायचं ठरवलं. दोन तास गेले. पोती कोरडी होती, चाळणी वापरलेली दिसत होती, पांढरी रेघ शाबूत होती. कुमारीने सांगितलेलं सगळं केलं होतं. स्क्रू बाहेर आला तेव्हा त्याच्या खालच्या टोकाला, विस्तवाच्या बाजूला, तपकिरी रंगाचा चिकट थर होता. काकवीसारखा, वरून काचेसारखा कडक. त्यात कांड्यांचा भुगा अडकून गोळा झाला होता. धुक्याच्या दिवशी हवेतल्या ओलीने तो लवकर धरत असावा.

चाचांनी त्या थराचा तुकडा स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर घेतला आणि खाली लायटर धरला.

खोलीभर वास पसरला. लोबान. त्यातलं काही मला समजण्याआधी माझं लक्ष कुमारीकडे गेलं. तिने डोळे मिटून घेतले होते. आणि बाहेर ओसरीत, उघड्या दारातून वास पोहोचला तशी यम्माची तसबीह थांबली.

चाचा स्क्रूड्रायव्हर तसाच हातात धरून ओसरीत गेले. मी मागे गेले. मला वाटलं, आता ते विचारतील, यम्मा, हे तू टाकलंस का? त्यांनी खाली बसून विचारलं, "यम्मा, तुझ्या मनासारखा विस्तव शेवटचा कधी पेटला होता?"

तिने तसबीह मांडीवर ठेवली. मग बोलू लागली. चाचा मधेमधे मला मराठीत सांगत होते. ती म्हणाली, ह्या यंत्राचा विस्तव मनासारखा कधी पेटलाच नाही. काचेमागे दिसतो, टीव्हीसारखा. त्याला वास नाही. तिचा नवरा होता तेव्हा संध्याकाळी बायकांच्या बैठकीत ती स्वतः विस्तवावर लोबान टाकायची. तेवढ्यावरून गल्लीत कळायचं की हे घर जागं आहे, या. आता कुणी येत नाही. म्हणून रोज अस्ताच्या नमाजानंतर ती बिस्मिल्ला म्हणून टाकीत चार खडे टाकायची. कधी वास यायचा, कधी नाही. स्टोव्ह त्यामुळे विझतो हे तिला कळलं नव्हतं. पण मुलाला कळलं तर तो लोबानही बंद करील, ही भीती होती. म्हणून कुमारीला तिने शपथ घातली होती.

कुमारीने ती शपथ पाळली होती. आपल्याला परत पाठवणार आहेत हे तिला दोन दिवसांपूर्वीच समजलं होतं. तरी ती बोलली नाही. अकरा वर्षं यम्माचे पाय चेपले आहेत, ती चाचांना म्हणाली, आता तिचं गुपित विकून मी कुठे राहू?

दुपारी अबू नासर आले. डॉक्टरांचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आईचे हात धरले, मग वळून कुमारीकडे पाहिलं आणि चाचांना विचारलं, कळलं का कारण?

मला वाटलं, चाचा आता सगळं सांगून टाकतील. कामाचा माणूस काम सांगणारच. शिवाय एका बाईची नोकरी त्यावर अडली होती. चाचा म्हणाले, "कळलं. कुमारीची काही चूक नाही, हे मी लिहून देतो. बाकीचं मी सांगितलं तर ती तक्रार होईल. घरच्या माणसाने सांगितलं तर ती घरातली गोष्ट होईल." आणि ते हत्यारं पुसायला आत निघून गेले.

आम्ही आतून ऐकत होतो. यम्माचा आवाज, आधी बारीक, मग ठणठणीत. ती मुलालाच रागावत होती असं वाटत होतं. मधेच अबू नासर काहीतरी म्हणाले आणि ती गप्प झाली. मी दारातून डोकावले. ते आईसमोर जमिनीवर बसले होते, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती, आणि दुसऱ्या हाताने कुमारीला जवळ बोलवत होती.

अबू नासर कुमारीशी काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी चहा आला तेव्हा तो त्यांनी स्वतः ओतला, आणि पहिला पेला तिला दिला. ती तो घेताना इतकी अवघडली की अर्धा बशीत सांडला.

परत येताना गाडीत चाचा म्हणाले, "बाय, घरात तीन चोर होते. आपण एकेकाला पकडून दोनदा नाचत घरी आलो."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. स्क्रू साफ झाला, कारण मिळालं. पण दुसऱ्या दिवशी चाचा जेवणाच्या सुट्टीत आमच्या वर्कशॉपमध्ये स्टीलचा पत्रा आणि कात्री घेऊन बसलेले मला दिसले. एक वाटीएवढी थाळी कापून, कडा दुमडून त्यांनी तयार केली. शुक्रवारी सुट्टी होती तरी ते अबू नासरांकडे गेले. मलाही नेलं. थाळी स्टोव्हच्या वरच्या पत्र्यावर ठेवली आणि त्यात लोबानाचा खडा टाकला. पत्रा फारच तापत होता. लोबान जळून काळा झाला, कडवट वास सुटला, यम्माने नाक मुरडलं. चाचांनी थाळीला तीन छोटे पाय लावले. मग इतकी कमी धग लागली की खडा नुसता बसून राहिला. यम्मा आता गादीवरून उठून स्टोव्हजवळ येऊन उभी होती. ती चाचांना सूचना देत होती. पाय थोडे कमी कर. अजून थोडे. चाचा कानसीने पाय घासत होते आणि 'हाजिर' म्हणत होते. तिसऱ्या खेपेला खडा हळूहळू पाझरू लागला, आणि धूर असा नाहीच, पण खोलीभर वास दरवळला.

यम्मा परत जाऊन बसली. तिने चाचांना विचारलं, तुझी आई आहे? चाचा म्हणाले, नाही, दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेवटच्या वेळी पोहोचलास? चाचांनी मान हलवली. नाही. यम्मा त्यांच्यासाठी काहीतरी पुटपुटली, दुवा असावी. चाचांनी दोन्ही हात पसरून ती घेतली. माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

भिंतीवर त्यांनी एक कागद चिकटवला. अरबी, इंग्रजी, आणि कुमारीकडून विचारून विचारून सिंहली. टाकीत फक्त कांड्या. कांड्या चाळूनच. गुरुवारी राख आणि भुगा काढणे. पांढरी रेघ तुटली तर फोन. खोलीत कोळसा नाही. शेवटची ओळ लाल होती. त्याखाली यम्माने आपल्या हाताने काहीतरी लिहिलं. अबू नासरांनी मला वाचून दाखवलं: लोबान थाळीत, रोज.

तो हिवाळा स्टोव्ह विझला नाही. पुढचाही नाही. मधे मी एकदा सहज कुमारीला फोन केला तर मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. आज बैठक आहे, ती म्हणाली, सात जणी आल्या आहेत, मी नंतर बोलते.

त्यानंतर वर्षभराने चाचांनी आमची कंपनी सोडली. उत्तर किनाऱ्यावरच्या मदिनत अश शमालमध्ये बर्फाच्या एका छोट्या कारखान्यात त्यांना शेवटच्या वर्षासाठी काम मिळालं, आणि मुख्य म्हणजे राहायला स्वतंत्र खोली. त्यांना ती हवी होती, कारण त्यांची बायको व्हिजिट व्हिसावर महिनाभरासाठी येणार होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आधी चाचांच्या आईचं आजारपण, मग मुलींच्या परीक्षा, मग लग्नं. आता धाकटीही शिक्षिका म्हणून लागली होती. मला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त तेच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. रुकैया येते हाय. रुकैया येते हाय.

मार्चमधल्या एका शुक्रवारी आम्ही त्यांना भेटायला गेलो, मी, नवरा आणि माझी मुलगी. रुकैयाचाची बुटक्या, गोऱ्या, गालात पान असल्यासारखं थोडं एका बाजूने बोलणाऱ्या. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण केलं होतं. माझी मुलगी इंग्रजीत बोलत होती, चाची म्हसळ्याच्या बोलीत उत्तरं देत होत्या, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. मी त्यांना विचारलं, कसं वाटलं कतार? त्या म्हणाल्या, "आमचा माणूस सांगायचा त्यापेक्षा बरा हाय. हा फोनवर फक्त उन्हाचंच सांगायचा."

चाचांनी हसून मान खाली घातली. पुढच्या महिन्यात ते दोघं मिळून गावी परतणार होते, कायमचे. गावाबाहेर घर बांधायला काढलं होतं. जोतं झालं होतं.

चारच्या सुमाराला आम्ही सगळे समुद्रावर गेलो. शमालचा किनारा उथळ आहे, ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि मागे ओली, सपाट वाळू राहते. मुलगी शंख गोळा करायला धावली, आम्ही तिच्या मागे गेलो. परत वळताना मी पाहिलं. चाचा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उकिडवे बसले होते आणि एका काडीने वाळूत चौकोन ओढत होते. मोठा चौकोन, त्यात छोटे. बोटाने दाखवून सांगत होते, ही पडवी, हे माजघर, हे स्वयंपाकघर. रुकैयाचाची हातात चपला घेऊन उभ्या होत्या, डोकं एका बाजूला कलतं करून बघत होत्या. त्यांनी उजवा पाय पुढे केला आणि स्वयंपाकघराची एक भिंत अंगठ्याने पुसून टाकली.

"इथे दार," त्या म्हणाल्या.

चाचांनी वर पाहिलं, काडी त्यांच्या हातात दिली आणि बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.